पक्के दात कुणाला बसतील, हे दहा मिनिटात कसं काय ठरतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने रविवारच्या पुरवणीत "एका दिवसात पक्के दात", "कवळीला कायमचा रामराम" अशा जाहिराती येतायत. जाहिरात छापण्याबद्दल माझी तक्रार नाही, पेपर त्यावरच चालतो हे कळतं. पण त्या जाहिरातींमुळे आमच्या घरात जे झालं, म्हणजे होता होता राहिलं, ते लिहून कळवावं असं फार दिवस मनात होतं. पत्र लांबणार आहे. काटछाट केलीत तरी चालेल, फक्त मिश्रीचा आणि इंजेक्शनचा भाग तेवढा काढू नका.

माझी आई ६८ वर्षांची, कराडजवळच्या गावात राहते. वरची कवळी सहा वर्षांपासून आहे. खाली सात दात उरले होते, त्यातले पुढचे हलायचे आणि दोन सुळे तेवढे घट्ट. खालच्या बाजूला काही बसवलेलं नव्हतं त्यामुळे भाकरी कुस्करून, शेंगदाण्याचा कूट करून असं चाललं होतं. लग्नकार्यात सगळे पंगतीत बसले की ती "मला भूक नाही" म्हणून आत जायची. हे मला फार उशिरा कळलं की तिला भूक असायची, चारचौघात चावता येत नाही म्हणून ती उठायची. त्यामुळे गावातल्या मंगल कार्यालयात मोफत दंत तपासणी शिबिर लागलं तेव्हा मीच तिला आग्रह करून घेऊन गेले.

शिबिरात बॅटरीने बघितलं आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकला बोलावलं, तिथे ओपीजी म्हणजे तो अख्ख्या जबड्याचा सपाट एक्सरे काढला, तोही फुकट. मग डॉक्टरांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "आजी, हाड मस्त आहे तुमचं. शनिवारी या, उरलेले सगळे काढून टाकू, वर सहा खाली चार स्क्रू, बुधवारी पक्के दात घेऊन घरी." (स्क्रू म्हणजे टायटॅनियमचे इम्प्लांट, ते जबड्याच्या हाडात घालतात आणि त्यावर दात पक्के बसवतात.) आई खूश. मी पण खूश, खोटं कशाला बोलू. नंतर बाहेरच्या टेबलावर एक मॅडम बसल्या होत्या त्यांनी आकडा सांगितला, साडेपाच लाख, हप्त्याची सोय, आजच नाव नोंदवलं तर ४० हजार कमी. खुर्चीत बसल्यापासून या टेबलापर्यंत दहा मिनिटं सुद्धा झाली नसतील.

एक फॉर्म भरून घेतला होता, इंग्रजीत. तो माझ्या भाच्याने भरला. शुगर आहे का, हो. बीपी, हो. तंबाखू खाता का असं त्याने आईला विचारलं, आई म्हणाली नाही रे बाबा, मी कधी तंबाखू खाल्ली? त्याने "नाही" वर टिक केली. कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर बीपीची आणि शुगरची. झालं, सही.

आता यात काय काय राहिलं ते ऐका.

आई ४० वर्षं मिश्री लावते. सकाळी एकदा, दुपारी जेवण झाल्यावर एकदा. आमच्या भागात बायकांची ती सवय किती खोल आहे हे तुमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच, पण आईच्या लेखी तंबाखू ही गडीमाणसं चुन्याबरोबर मळून खातात ती, मिश्री हे दात घासायचं. ती खोटं बोलली नाही. प्रश्नच तिच्या भाषेत नव्हता.

दुसरं, तीन वर्षांपूर्वी आई अंगणात घसरून पडली, मनगट मोडलं, तपासणीत हाडं ठिसूळ झालेली निघाली. तेव्हापासून वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन घेते, आम्ही घरी "हाडांचं इंजेक्शन" म्हणतो, कागदावर झोलेड्रॉनिक ॲसिड लिहिलेलं असतं. तीन डोस झालेत. आता गोळ्या कुठल्या चालू आहेत असं विचारल्यावर वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन कुणाच्या डोक्यात येतं? ते रोजच्या डब्यात नसतं. मला स्वतःला आठवलं नाही, आणि मी तिच्याबरोबर प्रत्येक वेळी दवाखान्यात गेलेली आहे.

आणि तिसरं, शुगर आहे एवढं लिहिलं, पण किती आहे ते कुणी तपासलंच नाही.

शनिवार यायच्या आत वाचलो ते केवळ योगायोगाने. त्याच आठवड्यात इंजेक्शनची चौथी तारीख होती, भाऊ हाडांच्या डॉक्टरांकडे फोन करून म्हणाला की आईचे दात काढायचेत तर तारीख पुढेमागे करू का. ते डॉक्टर एकदम म्हणाले, थांबा, दात कोण काढतंय, त्यांना हे इंजेक्शन माहीत आहे का? आधी माझ्याशी बोलायला सांगा त्यांना.

का ते नंतर नीट समजलं. आपलं हाड म्हणजे दगड नव्हे, ते सतत जुनं मोडतं आणि नवं भरतं. ठिसूळपणाच्या औषधात ती मोडण्याची क्रिया मंद केली जाते म्हणजे हाड टिकून राहतं. मणक्याला, खुब्याला ते चांगलंच, आईला त्याचा फायदाच झालाय आणि ते कुणी मनाने बंद करू नये. पण दात काढल्यावर किंवा स्क्रू घातल्यावर जबड्याचं हाड भरून यायला तीच मोडतोड लागते. ती मंद असली तर क्वचित जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं, सडायला लागतं. ठिसूळपणासाठी जो डोस देतात त्यात हा धोका अगदी थोडा असतो, बहुतेकांना काही होत नाही. कॅन्सर हाडात पसरलाय म्हणून ज्यांना हीच औषधं दर महिन्याला वगैरे देतात त्यांच्यात मात्र तो कितीतरी जास्त असतो, तिथे इम्प्लांटचा विचार सहसा करतच नाहीत. २००३ च्या सुमारास हे दुखणं डॉक्टरांच्या लक्षात आलं, म्हणजे आता २० वर्षांहून जास्त झाली. आणि हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे आठ दिवस आधी बंद केलं की झालं असंही नाही. थोडा धोका आहे म्हणून करूच नये असं कुणी म्हणत नाही. पण थोडा धोका आहे हे माहीत असून करणं वेगळं आणि माहीतच नसताना एका बैठकीत सात दात काढून दहा स्क्रू मारणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या मॅडम प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर कवळ्या, कॅप, ब्रिज, इम्प्लांटवरचे दात या विषयात एमडीएस केलेल्या. त्यांनी पहिले २० मिनिटं तोंड उघडायलाच सांगितलं नाही. नुसत्या गप्पा. आणि पहिला प्रश्न काय होता माहितीय? "मावशी, सकाळी उठल्यावर दात कशाने घासता?"

आई लगेच म्हणाली, "मिश्रीनं."

बाई मी तिथेच डोळे पुसले. एवढंच विचारायचं होतं.

मग कधी पडला होतात का, कुठलं हाड मोडलंय का, त्यावर सलाईन लावून कुठलं औषध दिलं का. रक्त पातळ करायची गोळी आहे का, इकोस्प्रिन वगैरे (आणि असेल तर ती मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारूनच, हे त्यांनी तीनदा सांगितलं). हार्टचं काही झालं होतं का, झालं असेल तर किती महिने झाले, कारण अटॅकनंतर निदान सहा महिने तरी असली मोठी शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. मानेला, तोंडाला कधी शेक दिलाय का, म्हणजे कॅन्सरचं रेडिएशन. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर किती घरात आहे, आणि शेक बसलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो, तिथे दात काढणं सुद्धा जपून करावं लागतं मग स्क्रू तर लांबच. रात्री दात खाता का. सुपारी खाता का. याचं कारण मला नवीन होतं. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडायचं कमी होतं. इम्प्लांटसाठी ड्रिल, मशीनचं डोकं, सगळं सरळ उभं आत जावं लागतं, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर मागच्या बाजूला काम करणंच अवघड. हे तपासायला एक रुपया लागत नाही, तीन बोटं लागतात.

शेवटी त्यांनी आईचे हात बघितले. अंगठ्याचे सांधे सुजलेले, वाताचे. मला वाटलं हात कशाला बघतायत. तर पक्के दात म्हणजे खाली स्क्रू आणि वर सलग पट्टी असते, पट्टी आणि हिरडी यांच्यामध्ये फट असते, तिथे अन्न अडकतं आणि ते रोज बारीक ब्रशने, पाण्याच्या फवाऱ्याने, खालून दोरा ओवून काढावं लागतं. नाही काढलं तर स्क्रूभोवती पायोरियासारखंच होतं, पू होतो, हाड झिजतं आणि बसवलेला स्क्रू हलायला लागतो. पायोरियाने ज्यांचे दात गेले त्यांना ही भीती इतरांपेक्षा जास्त. म्हणून वय किती यापेक्षा हात चालतात का, नजर आहे का, विसरायला होतं का, घरात कोण मदतीला आहे का, हे बघायचं. वयाला वरची मर्यादा नाही असं त्या म्हणाल्या, ८० वर्षांच्या माणसाला बसवतात आणि ५० च्या माणसाला नाही म्हणतात असंही होतं.

रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, एचबीएवनसी, ९.२ आली. मॅडम म्हणाल्या ७ च्या आसपास पाहिजे, फार तर ८ च्या आत, त्याशिवाय मी सुई सुद्धा लावणार नाही. शुगर वाढलेली असली की जखम उशिरा भरते, जंतू लवकर धरतात, आणि स्क्रू धरून ठेवायचं काम तर हाडालाच करायचं असतं.

आता "हाड मस्त आहे" बद्दल. ओपीजीत जबडा समोर उलगडून ठेवल्यासारखा दिसतो, उंची कळते, तीही फुगवून दाखवलेली असते. जाडी कळत नाही. हाड उंच असेल पण सुरीच्या पातीसारखं बारीक असेल तर ओपीजीत ते मस्तच दिसणार. जाडी बघायला सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन लागतो. त्यात खालच्या जबड्यातून जाणारी नस नेमकी कुठे आहे ते पण दिसतं, तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कधी कायमची. वरच्या बाजूला दाढांच्या वर सायनसची पोकळी असते, दाढा गेल्या की ती हळूहळू खाली उतरते आणि मग स्क्रू घालायला हाडच उरत नाही. आईचं वर मागच्या बाजूला अगदी थोडं हाड निघालं, म्हणजे वर सहा स्क्रू मारायचे तर बाहेरून हाड भरायला लागलं असतं किंवा स्क्रू खूप तिरके घालायला लागले असते. शिबिरवाल्यांनी यातलं काही सांगितलं नाही, त्यांना दिसलंच नसेल, स्कॅनच काढला नव्हता.

हे तिरके घालायचं तंत्र खरोखर चांगलं आहे, उगाच नावं ठेवत नाहीये. पोर्तुगालमधल्या लिस्बनचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी चार स्क्रूंवर अख्खा जबडा, पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन तिरके म्हणजे नस आणि सायनस दोन्ही चुकतात, असं काम सुरू केलं, त्यांचा खालच्या जबड्यावरचा पहिला शोधनिबंध २००३ चा. आणि मुळात हाड टायटॅनियमला चिकटून बसतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर काम करताना समजलं, आणि माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले स्क्रू घातले ते १९६५ साली. मध्ये १३ वर्षं गेली. त्या पहिल्या पेशंटला ते दात ४० वर्षं पुरले, तो २००६ मध्ये वारला तोवर. ज्या उपचाराच्या मुळाशी एवढा धीर आहे त्यात पेशंट तपासायला दहा मिनिटं, हे बघून वाईट वाटतं.

"एका दिवसात" म्हणजे काय तेही लोकांना सांगायला हवं. त्या दिवशी मिळतात ते प्लॅस्टिकचे तात्पुरते दात. ते त्याच दिवशी लावता येतात का हे सुद्धा स्क्रू बसताना किती घट्ट बसला त्यावर असतं, मशीनवर साधारण ३५ न्यूटन सेंटीमीटर तरी आकडा आला तर लावायचे नाहीतर थांबायचं, म्हणजे आधी छातीठोक सांगताच येत नाही. नंतर हाडाला स्क्रू धरायला खाली तीन-चार महिने, वर सहापर्यंत. आणि सगळ्यात नाजूक काळ पहिला दिवस नसून तिसरा-चौथा आठवडा असतो, कारण जुन्या हाडाची पकड सुटत असते आणि नवं अजून तयार व्हायचं असतं. नेमकं तेव्हा दुखायचं थांबलेलं असतं, माणूस म्हणतो आता काय झालं, आणि भाकरी खातो. तोपर्यंत मऊ भात, खिचडी, असंच. ज्याला तीन महिने हे पाळायला जमणार नाही त्याने एका दिवसाच्या दातांना हात घालू नये. कायमचे दात त्याच्यानंतर, परत माप देऊन.

अजून एक गोष्ट जी मला कळल्यावर धक्का बसला. हाड कमी असलं तर अडचण हे कुणालाही समजेल, पण हाड जास्त असलं तरी अडचण असते. सलग पट्टीचे दात बसवायला स्क्रू, त्यावरचे जोड, पट्टी, कृत्रिम हिरडी आणि दात एवढं सगळं मावायला एका जबड्याला हाडापासून चावायच्या पातळीपर्यंत १२ ते १५ मिलिमीटर जागा लागते. ज्याचे दात नुकतेच गेलेत किंवा अजून घट्ट आहेत त्याला एवढी जागा नसते, मग चांगलं हाड कापून सपाट करतात. म्हणजे थोड्या उपचारात वाचतील असे दात काढायचे, वर त्यांच्याखालचं निरोगी हाड पण कापायचं. हे परत येत नाही. म्हणून ज्यांचे दहा-बारा दात घट्ट आहेत त्यांना कुणी "सगळे काढून एकदम नवीन करू" म्हणालं तर कृपा करून दुसऱ्याला दाखवा. दोन-चार रूट कॅनाल, एखादा ब्रिज, एखाद-दुसरा इम्प्लांट यात भागत असेल तर तेच चांगलं, स्वतःच्या दाताला अजून तरी तोड नाही.

आईचं पुढे काय झालं? मॅडमनी आधी मेणावर दात लावून आईच्या तोंडात बसवून बघितले, ओठांना आधार देणारा कवळीचा पुढचा गुलाबी भाग लावून एकदा आणि काढून एकदा. तो भाग काढल्यावर आईचा वरचा ओठ एकदम आत गेला, दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली. पक्क्या दातांना तो भाग ठेवता येत नाही कारण मग खालून साफच करता येणार नाही. आईने आरशात बघितलं आणि म्हणाली मला पहिल्यासारखं पाहिजे. म्हणजे वरच्या जबड्याचा निर्णय तिथेच लागला, स्कॅन नाही पैसा नाही, आरसा. (साडेपाच लाख भरून, हाड कापून झाल्यावर हा आरसा दाखवला असता तर?)

मग साडेतीन महिने फक्त शुगर आणि मिश्री. शुगर ७.४ वर आली. मिश्री सुटायला फार त्रास झाला, डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड. डबी तिने स्वतःहून माझ्या हातात दिली आणि रडली, ४० वर्षांची सोबत होती ती. नंतर हाडांच्या डॉक्टरांशी आणि शुगरच्या डॉक्टरांशी मॅडमनी स्वतः फोनवर बोलून, आधी अँटिबायोटिक देऊन, हलणारे पाच दात दोन टप्प्यात काढले, टाके घालून जखमा बंद केल्या आणि हाड नीट झाकलं गेलं का ते बघायला सारखं बोलावलं. दोन सुळे मात्र काढले नाहीत. त्यांची रूट कॅनाल करून हिरडीच्या थोडं वर कापून गोल केले आणि त्यावर कवळी बसवली. मुळं जागेवर असली की भोवतीचं हाड टिकतं आणि कवळीला आधार मिळतो. म्हणजे आईला एकही स्क्रू बसला नाही. खर्च साडेपाच लाखाच्या जवळपास सुद्धा नाही. चपाती खाते, भाकरी आमटीत बुडवून खाते, पेरू किसून. ऊस नाही खाता येत आणि तिला ते आधीच सांगितलं होतं. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात पंगतीत शेवटपर्यंत बसली.

मॅडम म्हणाल्या पुढे कधी हे सुळे गेले तर खाली पुढच्या भागात हाड चांगलं आहे, तेव्हा दोन इम्प्लांट घालून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येईल, तोवर इंजेक्शनचं काय ते परत बघू. ही दोन इम्प्लांटची कवळी म्हणजे काही गरिबाचं भागवाभागवीचं काम नाही. २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते त्यांनीच म्हटलंय की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय धरावा. कारण खालची साधी कवळी पुष्कळांची नीट बसत नाही, आणि ती वर्षानुवर्षं वापरली की खालचं हाड वरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजतं, १९७२ साली छापलेल्या २५ वर्षांच्या अभ्यासात ते चौपट निघालं होतं. इम्प्लांटवरची कवळी रात्री काढून ठेवता येते, नळाखाली धुता येते, आईसारख्या वाताच्या हातांना तेच सोयीचं. पण शिबिरात हा पर्याय आम्हाला सांगितलाच नाही. जाहिरातीत सुद्धा कधी बघितला नाही. फक्त पक्के, नाहीतर मग तुमची हलणारी कवळी, मधलं काहीच नाही.

मी इम्प्लांटच्या विरोधात नाही हे परत सांगते. माझे सख्खे मामा, ७१ वर्षांचे, त्यांना खाली चार स्क्रूवर पक्के दात बसवलेत, चार वर्षं झाली, मस्त चाललंय. पण त्यांची तंबाखू सुटून दहा वर्षं झाली होती, शुगर नाही, दात जाऊन बरीच वर्षं झालेली म्हणजे जागा भरपूर, पुढे हाड भरपूर, आणि माणूस इतका टापटिपीचा की पाण्याचा फवारा चुकवत नाही. त्यांना जे योग्य तेच आईला अयोग्य, दोघं सख्खी भावंडं असून. म्हणून "शेजारच्या काकांनी बसवले" यावरून जाऊ नये.

संपादक साहेब, माझी विनंती अशी आहे. शिबिरं होऊ देत, पण तिथे दात काढायचा आणि स्क्रूचा निर्णय त्याच दिवशी घेतला जाऊ नये, आगाऊ पैसे घेतले जाऊ नयेत. काय तपासलं, काय आढळलं, कुठले कुठले पर्याय आहेत आणि काहीच केलं नाही तर काय होईल हे मराठीत लिहून द्यावं, ते घरी नेऊन चार दिवस विचार करता यावा. स्कॅनची सीडी पेशंटची, ती मागितली की मिळावी, म्हणजे दुसऱ्याला दाखवता येते. आणि काम झालंच तर कुठल्या कंपनीचा स्क्रू, काय मापाचा, त्याचा नंबर काय, ते स्टिकर पेशंटच्या हातात यावं, कारण दहा वर्षांनी एखादा जोड सैल झाला आणि तोवर डॉक्टर दुसरीकडे गेले असले तर नवीन डॉक्टरला त्याच मापाचा पाना लागतो. ज्यांना खाजगीत दुसरं मत परवडत नाही त्यांच्यासाठी मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आहे, नायरचं आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे रांग असते, वेळ जातो, पण कवळीचा, हिरड्यांचा आणि सर्जरीचा असे तिन्ही विभाग एका छताखाली असतात.

आपल्या पेपरने या तिन्ही विषयांच्या तज्ज्ञांकडून, जाहिरातीच्या नव्हे तर आरोग्याच्या पानावर, इम्प्लांट कुणी करू नये किंवा कुणी थांबून करावं यावर एक लेख लिहून घ्यावा. आणि जे डॉक्टर हे पत्र वाचतील त्यांना हात जोडून सांगते, तुमच्या फॉर्मवर "टोबॅको, यस की नो" च्या जागी "सकाळी दात कशाने घासता" असं लिहा, आणि त्याच्याखाली "हाडांसाठी कधी सलाईनमधून इंजेक्शन घेतलंय का, मागच्या पाच-दहा वर्षांत, एकदा जरी" असं लिहा. मराठीत लिहा, आणि भाच्याकडून नको, पेशंटला स्वतः वाचून दाखवा.

आपली,
एक नियमित वाचक,
कराड, जि. सातारा